कण्हेर आणि गुरें

कण्हेरीचें झाड आपल्याकडे घरोघर आढळतें. पांढरीं, तांबडीं वा गुलाबी फुलें देवपूजेस मिळतात, पाणी फारसें लागत नाहीं, आणि गुरें तोंड लावीत नाहींत म्हणून मळ्याच्या कडेसही ती लावण्याची चाल आहे. या शेवटच्या गुणावर शेतकऱ्यानें विसंबूं नये.

संस्कृतांत कण्हेरीस करवीर म्हणतात; तिचें दुसरें नांव अश्वमारक, म्हणजे घोड्यास मारणारी. मूळ, साल, पान, फूल, बी यांपैकीं कोणताही भाग निर्विष नाहीं. या विषांतील मुख्य द्रव्य ओलिअँड्रिन होय. त्याच्या एका रेणूंत कार्बनचे ३२, हायड्रोजनचे ४८ व ऑक्सिजनचे ९ अणु असून त्याचा कांहीं भाग शर्करेचा असतो. अशा द्रव्यांस ग्लायकोसाइड म्हणतात. विल्यम विदरिंग या इंग्रज वैद्यानें १७८५ मध्यें ज्या डिजिटॅलिस वनस्पतीचे औषधी गुण प्रसिद्ध केले, तिच्यांतील द्रव्यें याच वर्गांतलीं. हृदयाच्या स्नायूंतील पेशी सोडियम बाहेर टाकून पोटॅशियम आंत घेत असतात. ओलिअँड्रिन या कामास अडथळा करतें; मग पेशींत सोडियम व त्यापाठोपाठ कॅल्शियम सांचतें, आणि हृदयाचा ठेका बिघडतो.

हिरवें पान कडू असल्यामुळें जनावर तें सहसा सोडून देतें. परंतु छाटलेल्या फांद्या सुकल्या कीं तींच पानें तें खाऊं लागतें, आणि वाळल्यानें विष जात नाहीं. कडब्यांत पानें मिसळलीं तर त्यास निवडतांही येत नाहींत. मोठ्या बैलास दहावीस पानेंही प्राणघातक होऊं शकतात. कांहीं तासांनीं जनावर चारा सोडतें, पोट दुखतें, हगवण लागते, कधीं रक्त पडतें, नाडी अडखळते; पुष्कळदां तर तें दावणीस एकाएकीं मेलेलेंच आढळतें. मग 'पान लागलें' म्हणून सापावर आळ येतो. पान लागलें हें खरें, पण कण्हेरीचें!

संशय येतांच जनावरास चालवूं वा पळवूं नये. घरगुती उपायांत वेळ न दवडतां पशुवैद्यास बोलवावें, व कण्हेर खाल्ल्याचा संशय स्पष्ट सांगावा. त्याचें दूध वापरूं नये.

छाटणीच्या दिवशींच सर्व फांद्या व पानें गोळा करून खोल पुरावीं. जाळूं नयेत, धूरही विषारी असतो. गुरांच्या पाण्याच्या हौदावर झुकलेली कण्हेर समूळ काढावी, कारण पडलेल्या पानांचें विष पाण्यांत उतरतें. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, हें झाड निराळें व मूळचें अमेरिकेंतलें. परंतु तिच्या बियांतील थेवेटिन हेंही हृदयावरच जाणारें विष आहे. मुलें तिच्या बिया खेळावयास घेतात, त्या वेळींच काढून घ्याव्या.