बेस गिटार शिकताय? आधी ऐका!



"सर, बेस गिटार गाण्यात ऐकूच येत नाही. क्लास बंद करू का पोराचा?" एका ताईंनी विचारलं. थांबा! दोष मोबाईलच्या स्पीकरचा आहे. बेसच्या सर्वात जाड तारेचा सूर साधारण ४१ हर्ट्झचा. एवढासा स्पीकर तो नीट काढतच नाही. चांगला हेडफोन लावा आणि या क्रमाने ऐकवा :

१) क्वीन, 'अनदर वन बाइट्स द डस्ट' (१९८०) : जॉन डीकन यांचा सोपा, ठसठशीत बेस.
२) इंडियन ओशन, 'कंदिसा' (२०००) : बेसवर राहुल राम. त्यातलं नर्मदेचं 'मा रेवा' नक्की ऐका.
३) 'जॅको पास्टोरियस' (१९७६) : पडदे नसलेला बेस, सतारीसारखी मींड.

मुलाला आधी फक्त बेस गुणगुणायला सांगा. डग्ग्याविना तबला कसा वाटेल? तसंच हे!