समुद्रातील चारा

जालना जिल्ह्यातील आमच्या वाचकांस समुद्र दूर खरा. परंतु हा हिशेब शेतकऱ्यास सहज कळेल. खळ्यावर कडब्याची गंज गुरांहून जड असते. समुद्रात उलट आहे! २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक गणनेत तेथील वनस्पतींत कर्ब सुमारे १ अब्ज टन, तर त्यांवर जगणाऱ्या जीवांत सुमारे ५ अब्ज टन भरला. हे कसे? ती वनस्पती डोळ्यांस न दिसण्याइतकी सूक्ष्म. काही दिवसांत दुप्पट होते व लागलीच खाल्लीही जाते. जात्यात केव्हाही पाहावे तर मूठभरच दाणे, तरी घर जेवते, तसेच हे. मात्र प्रत्येक पायरीस सुमारे दहावा हिस्साच पुढे पोचतो. बाकीचा जगण्यातच खर्ची पडतो. म्हणून कोकणकिनाऱ्यावर १ किलो सुरमई वाढावयास सुमारे १० किलो तारली, बांगडे असे लहान मासे लागतात. जाळ्यांनी तेच उपसून नेले, तर सुरमईस खावयास उरत नाही.