हा गोटा कुठून आला?

तापीच्या काठची दरड कोसळली की आतले थर उघडे पडतात. वर माती असते. खाली कुठे कुठे वाळू आणि गोटे एकमेकांना घट्ट चिकटलेले दिसतात. पहार मारली तरी लवकर सुटत नाहीत. जणू गवंड्यानं चुन्यात बसवले आहेत! पण हे काम पाण्याचं आहे. मुरणाऱ्या पाण्यात चुना विरघळलेला असतो. तो फटींत साचतो आणि गोट्यांना सांधतो. अशा दगडाला पिंडाश्म म्हणतात.

मग हे गोटे आले कुठून? आपल्या वरणगावच्या उत्तरेला तापीपलीकडे सातपुडा आहे. दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आहेत. रंगावरून ओळखू म्हटलं तर फसगत होते. दोन्हीकडे मुख्यतः एकच काळा दगड आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून तापलेला रस बाहेर आला. तो थिजून हा दगड झाला.

म्हणून आपण आकार पाहू. कोपरे धारदार असतील तर गोटा जवळचा. गुळगुळीत असेल तर तो पुष्कळ घासला गेला, बहुधा लांबून आला. आता चपटे गोटे पाहा. ते कौलांसारखे एकावर एक कललेले असतात. त्यांचा उतार ज्या दिशेला, तिकडून पाणी आलं. नदी आटली, वळली, तरी ही खूण राहते.

आता तापी ओलांडून यावल-रावेरकडे चला. सुकी, मोर या नद्या सातपुड्यातून जोरात उतरतात. पायथ्याशी उतार संपतो. पाण्याचा जोर मोडतो. मोठे धोंडे तिथंच पडतात, वाळू पुढे जाते, गाळ त्याहून पुढे. असे थर साचून पायथ्याशी गोट्यांचा लांबच लांब पट्टा झाला आहे. नदीचं पाणी इथंच मुरतं आणि खालच्या केळीच्या मळ्यांतल्या विहिरींना मिळतं. उपसा वाढला, तशा विहिरी खोल न्याव्या लागल्या. काही ठिकाणी त्याही आटल्या.

सगळेच गोटे पाणी देतात असं मात्र नाही. सुट्या गोट्यांत पाणी खेळतं. चुन्यानं फटी बुजल्या की कमी खेळतं. विहीर खणणारे जुने लोक पहारीच्या आवाजावरून हे सांगत. आपल्याला आता लिहिता येतं. गावात विहीर खणतील तेव्हा वही घेऊन जा. माती किती हातांवर संपली? गोटे कुठे लागले? सुटे होते की सांधलेले? पाणी कितव्या हाताला आलं? शेजारच्या विहिरीचंही विचारून त्याच पानावर लिहा.