भूमिगत इंधनगळती आणि विहिरीचे पाणी

नागपूरच्या उत्तर भागातील जरीपटका ही वसाहत १९४७ च्या फाळणीनंतर विस्थापित सिंधी कुटुंबांच्या परिश्रमांतून वाढीस लागली. अशा दाट वस्तीत पेट्रोल पंप, वाहनदुरुस्तीची दुकाने, जनित्रांसाठी साठविलेले डिझेल आणि घरोघरच्या विहिरी यांच्यातील अंतर थोडे असते. नळाचे पाणी अपुरे पडले म्हणजे लोक विहिरीकडे वळतात. म्हणून जमिनीखालील टाकी गळत असल्याची शंका आल्यास तपास कसा व्हावा, हे स्थानिक कार्यकर्त्यांना ठाऊक असणे अगत्याचे आहे.

पेट्रोल व डिझेल पाण्याहून हलके असतात. मातीतून उतरलेले इंधन भूजलपातळीवर तवंगासारखे पसरते. त्यातील बेंझिन मात्र काही अंशी पाण्यात विरघळते. खरा धोका त्याचाच. बेंझिन कर्करोगास कारण होते. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचविलेली मर्यादा दर लिटरला ०.०१ मिलिग्रॅम इतकी अल्प असून, त्या प्रमाणात बेंझिनचा वास किंवा चव मुळीच कळत नाही. वास नाही म्हणजे पाणी निर्दोष, हा समज त्यामुळे घातक ठरतो. घरात पाणी उकळणे हाही उपाय नव्हे; वाफेबरोबर बेंझिन स्वयंपाकघराच्या हवेत मिसळते.

नागपूर हे दोन भिन्न भूस्तरांच्या सीमेवर वसले आहे. पश्चिमेस बेसाल्ट, पूर्वेस प्राचीन नाइस खडक, तर कामठीकडे गोंडवन काळातील वालुकाश्म आढळतो. वालुकाश्मात द्रव सच्छिद्र थरातून पसरतो. बेसाल्ट व नाइसमध्ये तो भेगांच्या वाटेने जातो. अशा खडकात टाकीजवळची विहीर स्वच्छ राहून दूरची बाधित होणे शक्य असते. केवळ अंतर मोजून निर्णय देऊ नये.

तपासाचा आरंभ पंपावरील साठ्याच्या नोंदींपासून करावा. टाकीतील मोजमाप आणि विक्री यांत सतत तूट येत असेल, तर टाकी व वाहिनी यांची दाबचाचणी आवश्यक ठरते. त्यानंतर परिसरातील किमान तीन विहिरींची पाणीपातळी समुद्रसपाटीच्या संदर्भाने मोजली, की भूजलाच्या प्रवाहाची सामान्य दिशा कळते. टाकीलगत वेगवेगळ्या खोलीवरील मातीचे नमुने घ्यावेत आणि मातीतील वायूचीही तपासणी व्हावी. विहिरीचा उपसा करण्यापूर्वी तवंग पाहून त्याची जाडी मोजावी. पाण्याचा नमुना काचेच्या कुपीत काठोकाठ, हवेचा बुडबुडा न राहील असा भरून बर्फात ठेवावा. प्लॅस्टिकची अर्धी भरलेली बाटली प्रयोगशाळेत नेणे म्हणजे पुरावाच उडवून देणे होय. शंकास्पद विहिरीत दिवा किंवा काडी पेटवून डोकावू नये. स्फोटाचा धोका असतो.

भूजलाच्या माहितीसाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे, प्रदूषणाच्या कारवाईसाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे साहाय्य घ्यावे. पेट्रोलियम साठ्याच्या सुरक्षिततेविषयीच्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपुरातच आहे, ही येथील रहिवाशांची एक सोय! केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली नव्या पंपांसाठी निवासी क्षेत्रापासून ५० मीटर अंतराचा सामान्य निकष सुचविला. जुन्या टाक्यांचा प्रश्न त्याने सुटत नाही.

एकाच तपासणीवर विसंबणेही योग्य नाही. उन्हाळ्यात पातळी खाली जाते तसे इंधनही खाली सरकते, आणि पावसाळ्यात पाणी चढल्यावर त्यातील काही भाग मातीच्या कणांत पाण्याखाली अडकून राहतो. तवंग दिसेनासा होतो, परंतु विरघळण्याची क्रिया चालूच असते. नमुने मे महिन्यात आणि पुन्हा पावसाळा संपल्यावर घ्यावेत. दोन्ही निष्कर्ष हाती येईपर्यंत त्या विहिरीचे पाणी पिण्यास व स्वयंपाकास वापरू देऊ नये.