अडखळणारे वाचन आणि शिक्षकाची दृष्टी

ऐकलेला धडा तोंडी बिनचूक सांगणारा विद्यार्थी तोच धडा वाचताना अडखळतो, तेव्हा त्याच्यावर आळशीपणाचा शिक्का बसतो. हा शिक्का पुष्कळदा अन्यायाचा असतो. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनाची अक्षमता, हा बुद्धीचा उणेपणा नव्हे. अक्षर आणि ध्वनी यांची सांगड घालण्यात मेंदूला येणारी ती अडचण आहे.

देवनागरीत या अडचणीची रूपे वेगळी दिसतात. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांची गल्लत होते. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी लिहावयाची, पण उच्चारावयाची नंतर, यामुळे गोंधळ वाढतो. ‘पंचवीस’ या शब्दात पाच आधी ऐकू येतात, म्हणून मूल ५२ लिहिते. अशा चुका आरंभी सर्वच मुले करतात. परंतु पुरेशा सरावानंतरही तिसरी-चौथीपर्यंत त्या टिकून राहिल्यास लक्ष द्यावयास हवे.

नागपूर जिल्ह्यात आणखी एक विवेक आवश्यक ठरतो. येथे अनेकांच्या घरची बोली वऱ्हाडी किंवा हिंदी असते. रामटेक-देवलापार भागात ती गोंडीही असते. पुस्तकी मराठी अपरिचित असणे ही अक्षमता नव्हे. परिचय वाढला की असे मूल पुढे सरकते. अक्षमता असलेले मूल मात्र ओळखीच्या शब्दांवरही थबकते. दृष्टी आणि श्रवण यांची तपासणीही प्रथम करून घ्यावी. निदान तज्ज्ञांनीच करावयाचे. तथापि त्यांना शिक्षकाच्या नोंदींचा मोठा आधार होतो.

या नोंदवहीत दोन रकाने असावेत : मुलास काय साधते आणि कोठे साहाय्य लागते. तोंडी हिशेब, चित्रकला, यंत्राची जोडणी यांतील गती पहिल्या रकान्यात यावी आणि अध्यापनाचा आरंभ तेथूनच व्हावा. वाचताना ओळीखाली पट्टी धरू द्यावी, उत्तरे तोंडी घ्यावीत, वर्गापुढे मोठ्याने वाचण्याची सक्ती टाळावी.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन-अक्षमता यांचा समावेश आहे. अध्ययन-अक्षमता लवकरात लवकर ओळखून योग्य उपाय योजण्याची जबाबदारी कलम १६ शाळांवर टाकते. परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक यांसारख्या सवलती कलम १७ मध्ये नमूद आहेत. पालकांना ही माहिती बहुधा शिक्षकाकडूनच मिळते. ती वेळेवर मिळाली, तर एक मूल शाळेत टिकते.