हवेचा दाब आणि गळाला लागणारा मासा

प्रश्न : सदलग्याजवळ दूधगंगेवर गळ टाकतो. मोबाइलवर हवेचा दाब बघून वेळ ठरवावी का? – एक वाचक, चिकोडी

उत्तर : दाबापेक्षा उजेड, वारा आणि पाण्याचा रंग बघा. पाण्यात मीटरभर खाली गेलं की दाब सुमारे ९८ हेक्टोपास्कलने वाढतो. आपल्याकडे हवेचा दाब रोजच सकाळी दहाच्या सुमारास चढतो, दुपारी चारला उतरतो. फरक जेमतेम तीन-चार हेक्टोपास्कलचा. रोहू दोन बोटं वर सरकला तरी तेवढाच फरक पडतो, आणि चरताना तो सतत वर-खाली होतच असतो. रोहू-कटल्याच्या पोटातली हवेची पिशवी बारीक हाडांनी कानाशी जोडलेली असते, त्यामुळे दाबातला बदल त्यांना कळत असेलही. पण कळणं म्हणजे भूक लागणं नव्हे.

वळवाआधी मासा जोरात लागतो, हा जुन्या मंडळींचा अनुभव मात्र खरा मानावा. त्या वेळी दाब एकटा उतरत नाही. आभाळ भरून उजेड मंदावतो, वाऱ्याने पाणी ढवळतं, काठच्या झाडांवरचे किडे पाण्यात पडतात आणि मासा निर्धास्तपणे काठाला येतो. उन्हाळ्यात बंधाऱ्याचं पाणी हिरवं, साचलेलं असेल तर पहाटे प्राणवायू कमी असतो. मासे वर तोंड काढताना दिसले, तर ऊन चढेपर्यंत थांबा. आणि वीज कडाडली की काठी ठेवून काठापासून लांब व्हा.