इंजिन बंद, पण पंप चालूच!

गोष्ट मे महिन्यातली. आमच्या टीमने बाइकचं इंजिन बसवून एक सीटची छोटी रेसकार बनवली होती. चाचणीसाठी ती लोणंदला नेली, कारण तिथे माझ्या मामांचं गॅरेज आहे आणि मागे मोकळं रान. तिसऱ्या फेरीला गाडी आचके देऊन बंद पडली. आम्ही निवांत चालत निघालो, तेवढ्यात मामा ओरडले, "आधी चावी बंद कर की!"

पंपाची घरघर त्यांनी ऐकली होती. पेट्रोलचा पाइप निसटला होता आणि तापलेल्या सायलेन्सरपासून वीतभर अंतरावर पेट्रोलची चिळकांडी उडत होती. पाइपचा क्लॅम्प आवळायचं काम माझं होतं. ड्रायव्हर अजून पट्ट्यात अडकलेला.

इंजिन बंद म्हणजे पेट्रोल बंद, असा आमचा समज होता. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या मारुती ८०० मध्ये तो खरा होता. तिचा पंप इंजिनच्या कॅमवर चालायचा, इंजिन थांबलं की पंपही थांबला. इंजेक्शनच्या गाडीत मात्र पंप विजेवर चालतो आणि साधारण ३ बार दाबाने पेट्रोल ढकलतो. कंपनीच्या गाडीत चावी फिरवल्यावर तो दोन-तीन सेकंद चालतो, आणि इंजिन फिरत नाही असं दिसलं की ईसीयू त्याचा रिले सोडून देतो. आम्ही काय केलं होतं? "सध्या चाचणीपुरतं" म्हणून पंप थेट चावीला जोडला होता!

घरी गाडी कोण बनवतं, असं म्हणू नका. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांची किक मारून सुरू होणारी जीप डिसेंबर २०२१ मध्ये देशभर गाजली. ती नियमात बसत नाही हे सांगूनही आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं आणि जानेवारी २०२२ मध्ये तिच्या बदल्यात बोलेरो दिली. असे कारागीर आपल्याकडे आहेत आणि राहणार. पण १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि बहुतेक बाइकना इंजेक्शन लागलं. म्हणजे यापुढे भंगारातून येणाऱ्या इंजिनसोबत विजेचा पंपही येणार. त्याचं वायरिंग कळलं नाही, तर आमच्यासारखं होणार.

आता टक्कर झाली तर? त्यासाठी इनर्शिया स्विच. (मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे 'जडत्व' हा शब्द मला आजीने सांगितला!) आत शंकूच्या आकाराची वाटी, तळाशी लोहचुंबक, त्यावर पोलादी गोळी. जोराचा धक्का बसला की गोळी चुंबकापासून सुटते, वाटीच्या कडेने वर चढते, पट्टीवर आपटते आणि सर्किट तुटतं. बटण दाबून पुन्हा जोडेपर्यंत पंप बंद. फोर्डच्या अनेक जुन्या गाड्यांत हा स्विच असायचा. फॉर्म्युला स्टुडंटच्या नियमांत तो सक्तीचा आहे. आमचाही होता, पण स्पर्धेच्या आधी लावू म्हणून खोक्यातच पडून!

खरं सांगायचं तर त्या दिवशी तो लावलेला असता तरी उपयोग नव्हता, कारण टक्कर झालीच नव्हती. तिथे ईसीयूचा रिलेच हवा होता. शिवाय रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटले तर कॉइल सोडूनही पंप चालूच राहतो, म्हणून ड्रायव्हरच्या हाताशी एक आणि बाहेरच्या माणसाला पोचेल असा एक, असे दोन किल स्विचही लागतात. एकावर भागत नाही.

स्विच बसवायचा तो चॅसीच्या भक्कम पाइपवर, अगदी उभा. इंजिनवर किंवा लवलवत्या पत्र्यावर लावला तर खड्ड्यातही उडेल. मग कंटाळून कोणीतरी त्याच्या दोन वायर एकत्र पिळून टाकतं, हे मामांनी किती गाड्यांत पाहिलंय! आणखी एक, टाकी उंचावर असेल तर पंप बंद होऊनही फुटलेल्या पाइपातून पेट्रोल आपोआप ओघळत राहतं. तिथे पंपाची वीज तोडून काहीच होत नाही, व्हॉल्व्ह लावावा लागतो.

परत येण्याआधी आम्ही पंप रिलेवर घेतला आणि इंजिन मुद्दाम बंद पाडून पाहिलं. घरघर लगेच थांबली. इनर्शिया स्विचही बसवला. त्याच्या बटणाशेजारी मामांनी लाल ऑइलपेंटने लिहून दिलंय, "आधी वास घ्या, मग दाबा."